वाढलेल्या बांगडीच्या मागावर : खान्देशातून फिरोजाबादची काच बघायला जाताना

आमच्या अमळनेरच्या घरात बांगडी कधी फुटली नाही. ती वाढायची. धुणं धुताना हातातली काच तडकली आणि मी चुकून "फुटली" म्हणाले की जिजी आतून ओरडायची, "फुटनी नही म्हनो, वाढनी म्हनो!" मग स्वतः वाकून तुकडे वेचायची आणि डालडाच्या जुन्या डब्यात टाकायची. त्या डब्यातल्या काचांनी आम्ही बहिणी काचापाणी खेळलो. त्याच काचा चिमणीच्या ज्योतीवर धरून वाकवल्या, एकात एक अडकवल्या आणि दाराला तोरणं बांधली. जिजी गेली, पण तिचा डबा राहिला. दोन वर्षांपूर्वी मथुरा-वृंदावनला निघताना मी तो पिशवीत घातला, कारण त्या फेरीत आग्र्याजवळच काचेच्या बांगड्यांचं गाव फिरोजाबाद होतं.

खान्देशातून मथुरा-वृंदावन-आग्रा करणारी माणसं भरपूर आहेत. भजनी मंडळं जातात, भिशीच्या बायका जातात, निवृत्त झालेली जोडपी जातात. ताज बघतात, पेठा घेतात आणि परततात. त्या फेरीत एक दिवस वाढवला तर आपल्या हातात आयुष्यभर असलेली वस्तू कुठून येते आणि मोडल्यावर पुन्हा कशी घडते, हे डोळ्यांनी बघता येतं. तो दिवस नीट कसा घालवायचा ते सांगण्यासाठी हे लिहितेय.

माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. हे गाव उलट्या टोकाने बघा. बहुतेक प्रवासी चकचकीत दुकानात शिरतात, खरेदी करतात आणि वेळ उरलाच तर भट्टीत डोकावतात. तुम्ही आधी फुटक्या काचेचा ढीग बघा, मग भट्टी, मग बांगडीची तोंडं जोडणारी गल्ली, आणि दुकान सगळ्यात शेवटी. या क्रमाने गेलात तर दुकानात काय घ्यायचं ते कुणाला विचारावं लागणार नाही.

कधी आणि कसं

भुसावळहून आग्रा कँटला जाणाऱ्या गाड्या पुष्कळ आहेत. पंजाब मेल, झेलम, कर्नाटक एक्सप्रेस, गोवा एक्सप्रेस या सगळ्या इटारसी-भोपाळ-झाशीमार्गे जातात. गाडीप्रमाणे चौदा ते सतरा तास धरा. आग्र्याहून फिरोजाबाद चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर आहे. रस्ता कानपूरकडे जाणारा मोठा महामार्गच आहे, त्यामुळे बस मिळते आणि चार-पाच जण असाल तर गाडी ठरवणंही परवडतं. रेल्वेने जायचं असेल तर मध्ये टुंडला जंक्शन लागतं. सकाळी जाऊन संध्याकाळी आग्र्याला परत येता येतं, मुक्काम हलवायची गरज नाही.

दिवस कुठला? ताजमहाल दर शुक्रवारी बंद असतो. ग्रुपच्या सहलीत शुक्रवार आला की सगळे हॉटेलात बसून चरफडतात. तो शुक्रवार फिरोजाबादला द्या. फक्त सकाळी लवकर पोहोचा, कारण बरेच कारागीर मुसलमान आहेत आणि दुपारी ते नमाजाला जातात. त्या वेळेत कुणाच्या दारात जाऊन उभं राहू नये.

ऋतूचंही बघा. मे-जूनमध्ये अजिबात जाऊ नका. आपण भुसावळ-जळगावच्या उन्हाला सरावलेली माणसं, त्रेचाळीस-चव्वेचाळीसला आपल्याला काही वाटत नाही असा आपला समज असतो. पण बाहेर तेवढं ऊन आणि समोर भट्टी, यात पाहुण्याला दहा मिनिटांत भोवळ येते. डिसेंबरचा शेवट आणि जानेवारी थंड असतो खरा, पण त्या दिवसांत उत्तरेत धुकं पडतं, गाड्या सात-आठ तासही उशिरा धावतात आणि एक दिवसाचं गणित कोलमडतं. दिवाळीनंतरचा नोव्हेंबर किंवा फेब्रुवारीचा उत्तरार्ध, हे दोनच काळ मी सुचवेन.

आधी आपल्या गावातल्या कासाराकडे जा

भट्टी म्हणजे तिकीट काढून आत जायचं ठिकाण नव्हे. तो चालता कारखाना असतो. दारावरचा माणूस अनोळखी लोकांना आत सोडत नाही, आणि ते योग्यच आहे. मग आत जायचं कसं? याचं उत्तर मला इंटरनेटवर सापडलं नाही, आमच्या बाजारपेठेतल्या कासारकाकांकडे सापडलं. लग्नसराईत हिरवा चुडा भरणारे, कानबाईच्या उत्सवासाठी बांगड्या देणारे आपल्याकडचे दुकानदार माल आणतात तो बहुतेक फिरोजाबादचाच असतो, थेट नाहीतर मधल्या घाऊक व्यापाऱ्याकडून. त्यांना विचारा, "काका, तुमचा माल कुणाकडून येतो? आम्हाला भट्टी बघायचीय, एक फोन कराल का?" काकांनी माझ्यासमोर फोन लावला आणि पलीकडच्या व्यापाऱ्याने दोन वाक्यांत होकार दिला. वर्षानुवर्षं उधारी वेळेवर फेडणाऱ्या गिऱ्हाइकाचा शब्द तिथे चालतो.

फोनवर तीन गोष्टी स्पष्ट करून घ्या: किती जण येणार, फोटो काढले तर चालेल का, आणि त्या दिवशी भट्टी खरंच चालू आहे का. मोठी भट्टी एकदा पेटवली की महिनोन् महिने विझवत नाहीत, कारण थंड होऊन पुन्हा तापताना तिच्या विटांना तडे जातात. पण दुरुस्तीचे, सणाचे, निवडणुकीचे दिवस असतात. भट्टी पेटलेली असते आणि हात मात्र नसतात.

ग्रुप मोठा असेल तर सहा-सहा जणांच्या तुकड्या करा. आम्ही एकदम चौदा जणी आत गेलो, ती आमची चूक झाली. भट्टीसमोर कामगार वितळलेल्या काचेची सळई घेऊन अक्षरशः पळत असतात. त्यांच्या वाटेत चौदा साड्या म्हणजे संकटच.

अंगावर काय

सुती कपडे घाला. नायलॉन, जॉर्जेट, पॉलिएस्टर काही नको, कारण ठिणगी पडली तर ते वितळून कातडीला चिकटतं. कापसाच्या मुलखातली माणसं आपण, घरात एक तरी सुती साडी किंवा सलवार-कमीज असतेच. पदर खोचा, ओढणीला गाठ मारा, केसांचा अंबाडा बांधा. पायात पूर्ण बंद बूट हवेत. तिथल्या जमिनीवर काचेची कच पसरलेली असते आणि चपलेतून ती केव्हा आत शिरते ते कळत नाही. साधा चष्मा असला तरी चालेल, पण डोळ्यांवर काहीतरी असू द्या. पाण्याची बाटली प्रत्येकाची वेगळी. दम्याचा त्रास असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी भट्टीच्या आत न जाता थेट दुकानाकडे यावं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, लहान मुलांना हे दहा वेळा सांगा: गरम काच आणि गार काच दिसायला सारखीच असते. लोखंड तापलं की लाल दिसतं, तशी लाली काचेलाही असते. पण काच पाचशे अंशांच्या खाली आली की लाली जाते आणि ती अगदी निर्मळ, साधी दिसते. तरी हात लावला तर कातडी सोलून निघेल. तिथे काहीही उचलायचं नाही, खाली पडलेला मणीसुद्धा. भाजलंच तर वीस मिनिटं वाहत्या साध्या पाण्याखाली धरा. हळद, टूथपेस्ट, तूप लावू नका.

ढीग

कारखान्याच्या मागच्या अंगाला काचेचं भंगार पडलेलं असतं. तिथे घाई करू नका. आमच्यातल्या बऱ्याच जणी "कचराच तर आहे" म्हणत पुढे गेल्या. मी आणि माझी नणंद थांबलो. हिरव्या, तपकिरी, पांढऱ्या बाटल्यांचे तुकडे, बरण्यांचे तळ, खिडक्यांच्या तावदानांचे त्रिकोण आणि एका कोपऱ्यात रंगीत बांगड्यांचा चुरा. कुठल्या कुठल्या घरांतून, हॉटेलांतून, भंगारवाल्याच्या हातगाडीवरून हे सगळं तिथवर आलेलं असतं.

काच बनते वाळू, सोडा आणि चुना यांपासून. यात सत्तर टक्क्यांच्या वर वाळूच. निव्वळ वाळू वितळायला सतराशे अंशांच्या आसपास तापमान लागतं. सोडा घातला की ते बरंच खाली येतं, आणि चुना नसेल तर ती काच पाण्यात हळूहळू विरघळेल. जुनी काच यातून एकदा गेलेली असते, त्यामुळे ती नव्या मिश्रणापेक्षा लवकर आणि कमी उष्णतेत वितळते. मिश्रणात जुन्या काचेचं प्रमाण दहा टक्क्यांनी वाढवलं की इंधन साधारण अडीच ते तीन टक्के वाचतं. एक टन जुनी काच वापरली की जवळजवळ सव्वा टन वाळू-सोडा-चुना वाचतो, कारण कच्च्या मालाचा काही भाग वितळताना वायू होऊन उडून जातो. आणि काच कितीदाही वितळवली तरी तिची प्रत उतरत नाही. प्लास्टिकचं तसं नाही, कागदाचंही नाही.

मग सगळीच जुनी काच का चालत नाही? ढिगापाशी उभं राहून हाच प्रश्न विचारा, कारागीर खुलतात. स्वयंपाकघरातलं ओव्हनमध्ये चालणारं भांडं वेगळ्या जातीच्या काचेचं असतं. ते वेगळ्या तापमानाला वितळतं आणि गार होताना वेगळ्या प्रमाणात आकसतं. त्याचा तुकडा बाटलीच्या काचेत मिसळला तर वस्तू दोन दिवसांनी कपाटात ठेवल्या ठेवल्या तडकू शकते. चिनी मातीच्या कपाचा तुकडा तर वितळतच नाही, खड्यासारखा काचेत राहतो. आरसा, ट्यूबलाइट, गाडीची पुढची काच, सगळं वेगळं काढावं लागतं. रंगही वेगळे करावे लागतात, कारण हिरव्या बाटलीतून पांढरी काच काढता येत नाही. ढिगाजवळ बसून हे निवडणाऱ्या माणसाच्या बोटांकडे बघा. आमच्यासमोर जी बाई निवडत होती तिच्या हातमोज्यांची बोटं फाटलेली होती. पुढच्या वेळी जाताना मी चामड्याच्या हातमोज्यांचे जोड नेणार आहे. मिठाईपेक्षा ते उपयोगी.

भट्टी

आत शिरल्यावर पहिली दोन मिनिटं काही दिसत नाही. उजेड इतका प्रखर असतो की नजर स्थिरावायला वेळ लागतो. भिंतीला पाठ लावून उभं राहा आणि नेणारा माणूस सांगेल ती जागा सोडू नका.

काच दोन प्रकारे वितळवतात, मोठ्या टाकीत किंवा मातीच्या कुंड्यांत. रंगीत बांगडीची काच कुंड्यांत होते, कारण एकाच भट्टीत प्रत्येक कुंडीचा रंग वेगळा ठेवता येतो. रंग येतो धातूंमुळे. कोबाल्ट टाकलं की गडद निळा, मँगनीजने जांभळा, क्रोमियमने हिरवा. झगझगीत लाल सेलेनियम आणि कॅडमियम यांच्यामुळे. आपला लग्नाचा हिरवा चुडा बघताना क्रोमियम कुणाला आठवतं! वाळूत थोडं लोह असतंच, म्हणून काहीही न मिसळलेल्या जुन्या काचेलाही फिकट हिरवट-निळसर झाक येते. ती झाक ध्यानात ठेवा, दुकानात कामाला येईल.

आता बांगडी कशी होते ते. कामगार लोखंडी सळईच्या टोकाला वितळलेल्या काचेचा गोळा घेतो, तो लोखंडी पाट्यावर घोळून सारखा करतो, पुन्हा बुडवतो, पुन्हा घोळतो. वेगवेगळ्या रंगांचे थर असेच चढतात. मग तो गोळा बेलनभट्टीकडे जातो. तिथे एक लोखंडी बेलन सतत फिरत असतं. गोळ्यातून काचेची तार ओढून बेलनाच्या एका टोकाला लावली की ती स्प्रिंगसारखी गुंडाळत जाते. लांबलचक काचेचा सर्प! तो बेलनावरून उतरवतात आणि हिऱ्याच्या कणीने एका बाजूने रेघ ओढतात. सगळे वेढे सुटे होतात. प्रत्येक वेढा म्हणजे एक बांगडी, फक्त तोंड उघडं असलेली.

हे बघताना मला चिमणीवर वाकवलेल्या काचा आठवल्या. काच बर्फासारखी एका ठरावीक अंशाला एकदम वितळत नाही. ती हळूहळू मऊ होत जाते, गुळाच्या पाकासारखी. गोळीबंद पाकापासून तारेपर्यंत सगळ्या अवस्था तिच्यात असतात, आणि कारागिराचं सगळं कौशल्य ती नेमकी अवस्था ओळखण्यात. थर्मामीटर मला कुणाच्या हातात दिसला नाही. रंगावरून ओळखतात. जिजी पाक बोटांत धरून बघायची, तसंच.

फुंकून वस्तू करणारी भट्टी वेगळी असते, तीही आग्रहाने बघा. झुंबराच्या वाट्या, फुलदाण्या, दिव्याच्या हंड्या तिथे होतात. फुंकणीच्या टोकाला काचेचा गोळा, दुसऱ्या टोकाला माणसाचा श्वास. तो फुंकणी सतत फिरवत राहतो, कारण थांबला तर काच एका बाजूला ओघळेल. वस्तू झाली की ती लगेच बाहेर ठेवत नाहीत. पाचशे अंशांच्या जरा वर तापलेल्या दुसऱ्या भट्टीत घालून सावकाश निववतात, कधी कधी रात्रभर. वरचा थर आधी गार झाला आणि आतला गरम राहिला तर काचेत ताण अडकून बसतो आणि ती पुढे केव्हातरी फुटते. "यह कितनी देर ठंडी होती है?" असं जरूर विचारा. या एका उत्तरावरून कारखाना किती नेटका आहे ते कळतं.

धुराविषयीही सांगते. १९९६ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने ताजच्या परिसरातल्या उद्योगांना कोळसा सोडून नैसर्गिक वायू घ्या, नाहीतर दुसरीकडे जा, असं बजावलं. फिरोजाबादही त्याच संरक्षित पट्ट्यात येतं. आज मोठ्या भट्ट्या वायूवर चालतात. म्हणजे शुक्रवारी तुम्ही जी भट्टी बघाल आणि शनिवारी जो पांढरा संगमरवर बघाल, त्या दोघांचं नातं आहे.

जुडाईची गल्ली

उघड्या तोंडाच्या बांगड्या हातगाड्यांवरून वस्त्यांमध्ये जातात. घराघरांत बायका आणि पुरुष छोट्या ज्योतीसमोर बसून एकेक तोंड जोडतात, ती जुडाई. वाकडी झालेली बांगडी सपाट करायची ती सधाई. मग छटाई म्हणजे निवड, कटाई म्हणजे कापून काढलेली नक्षी, मग सोनेरी नक्षी आणि शेवटी पुन्हा भाजणं. दुकानात डझनाने विकली जाणारी बांगडी इतक्या हातांतून जाते.

या गल्लीत बोलावल्याशिवाय कुणाच्या घरात जाऊ नका. पंखा बंद असतो, कारण वाऱ्याने ज्योत हलते. त्या कोंदट खोलीत माणसं तासन् तास बसतात आणि तुकड्यावर मजुरी घेतात. म्हणजे तुमच्याशी बोलण्यात घालवलेली पाच मिनिटं त्यांच्या कमाईतून जातात. थोडकं बघा, नमस्कार करा, निघा. फोटो विचारूनच. चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला लावणं आणि अठराखालच्यांना धोकादायक कामावर ठेवणं कायद्याने बंद आहे, आणि या धंद्याला बालमजुरीचा जुना डाग आहे. मूल काम करताना दिसलं तर त्याचा फोटो काढून कौतुकाने फिरवू नका, १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनला सांगा. आम्हाला ज्या घरी नेलं तिथली मुलगी दप्तर घेऊन शाळेतून येत होती. मला फार बरं वाटलं, हे लपवत नाही.

दुकान आणि दालन

आता दुकान. मालक आधी झुंबरं दाखवेल, तुम्ही आधी साधा पेला मागा. उजेडासमोर धरा. फिकट हिरवट झाक, अधूनमधून बारीक बुडबुडे, भिंतीची जाडी किंचित कमीजास्त, आणि तळाला सळईपासून तोडल्याची खरबरीत किंवा घासलेली खूण, हे सगळं दिसलं तर तो हाताने फुंकलेला आहे आणि बहुधा जुन्या काचेचा आहे. दोन्ही बाजूंनी सरळ उभी शिवण असेल तर साच्यातला. साच्यातला वाईट नव्हे, पण त्याला हाताच्या कामाचा भाव देऊ नका. बुडबुडे हा दोष मानून सूट मागणारे लोक मी बघितलेत. पिण्याच्या पेल्यात काठापाशी बुडबुडा नको, तिथून टवका उडतो. बाकी ठिकाणी तो कारागिराच्या वेगाची खूण आहे.

मोठी, महाग वस्तू घ्यायची असेल तर एक परीक्षा करा. लॅपटॉपवर कोरं पांढरं पान उघडा, त्यासमोर वस्तू धरा आणि पोलराइज्ड गॉगलमधून बघा. गॉगल हळूहळू फिरवा. पडदा काळा पडेल तेव्हा काचेत उजळ किंवा इंद्रधनुषी पट्टे दिसले तर आत ताण अडकलेला आहे, म्हणजे ती नीट निववलेली नाही. काही मोबाइलच्या पडद्यावरही हे जमतं. मी दुकानात हे केलं तर मालकच खुर्ची सोडून बघायला आला.

बांगड्यांचं माप कागदावर लिहून न्या, सगळ्यांचं. दोन-चार म्हणजे दोन इंच आणि वर चार सोळांश, आपलं सव्वादोन. दोन-सहा म्हणजे दोन आणि तीन अष्टमांश, दोन-आठ म्हणजे अडीच. घाऊक दुकानात ही मापं भराभर बोलतात आणि एका सोळांशाने चूक झाली तरी ती बांगडी हातात चढत नाही. सोनेरी नक्षीवर ओलं बोट घासून बघा, नीट भाजलेली असेल तर ती निघत नाही. आणि पेल्यांत उकळता चहा ओतू नका, कितीही सुंदर असले तरी. साध्या काचेला एकदम बसलेला चटका सोसत नाही.

टिप एका माणसाच्या हातात देऊ नका. भट्टीवर दहा-बारा जणांची टोळी एका साखळीत काम करते. सगळ्यांच्या चहाचे पैसे उस्तादाकडे द्या.

घरापर्यंत

काच नेहमी एकमेकींना लागून फुटते. प्रत्येक वस्तू वेगळी गुंडाळा, पोकळ वस्तूच्या आत चिंधी किंवा कापूस भरा आणि उभी ठेवा. आडवी ठेवलेली फुलदाणी गाडीच्या हादऱ्याने जाते. मी जाताना जुनी गोधडी नेली होती. त्यात सहा पेले आणि एक हंडी गुंडाळून खालच्या बर्थखाली भिंतीला टेकवून ठेवली. झाशीला कुणाची तरी लोखंडी ट्रंक शेजारी आली तेव्हा धस्स झालं, पण काही झालं नाही. बांगड्यांच्या खोक्यांत जागा मोकळी राहू देऊ नका, वर्तमानपत्राचे बोळे कोंबा.

घरी मात्र सवय बदला. फुटलेली काच तशीच घंटागाडीत टाकली की सफाई करणाऱ्याचा हात कापतो. जाड कागदात गुंडाळा, वर "काच" लिहा. अख्ख्या बाटल्या भंगारवाल्याला धुऊन द्या, त्या तशाच पुन्हा भरल्या जातात आणि वितळवण्यापेक्षा ते केव्हाही चांगलं.

इतक्या लांब जमणार नसेल तर

गुजरातेत खेडा जिल्ह्यातलं कपडवंज आपल्याला जवळ पडतं, नंदुरबार-सुरत-वडोदरामार्गे. तिथे आरसेकामाची पातळ काच तोंडाने फुंकतात. मोठा फुगा, आतून चंदेरी मुलामा, मग तो फोडून छोटे छोटे तुकडे. चाळीसगाव-जामनेरकडच्या तांड्यांवर बंजारा बायांच्या घागऱ्यांवर जशा काचा चमकतात, तशीच ही काच. आणि फिरोजाबादेतच आणखी एक दिवस असेल तर हाथरस जिल्ह्यातल्या पुरदिलनगरला मणी करणारी घरं आहेत.

महाराष्ट्रातल्या काचेची आठवणही प्रवासात काढा. १९०८ मध्ये तळेगाव दाभाड्याला पैसा फंडाच्या कारखान्याची भट्टी पेटली ती लोकांनी दिलेल्या एकेक पैशातून, आणि कऱ्हाडजवळ ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील आमच्या आजोळी खुंटीवर टांगलेला असायचा. त्याची काच पुसायचं काम माझ्याकडे होतं.

जिजीच्या डब्याचं सांगायचं राहिलं. निघण्याआधी मी तो अंगणात ओतला होता. त्यातले लाखेचे आणि प्लास्टिकचे तुकडे वेगळे काढले, पितळेच्या दोन कड्या काढल्या आणि उरलेली काच धुऊन वाळवली. पावणेदोन किलो भरली. भट्टीवरच्या उस्तादाला डबा दाखवून विचारलं, "इसको लोगे?" त्याने मूठभर काच उचलून उजेडाकडे धरली, "माताजी की है?" म्हणाला आणि रंगीत चुऱ्याच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. मी डबा उपडा केला. एक-दोन हिरवे तुकडे मी नजरेने धरून ठेवले होते. तेवढ्यात मागून एकाने फावड्याने ढीग सारखा केला. मग मला ते ओळखता आले नाहीत.